सातबाऱ्यावर नसलेल्या बोअर : आमच्या गावाचा पाणी ताळेबंद

२०२१ च्या जानेवारीत मी ग्रामपंचायतीवर निवडून आले. आमचं गाव पुरंदर तालुक्याच्या पूर्वेला. शिवारात अंजीर, सीताफळ, थोडी फुलशेती आणि जिथं पाणी तिथं ऊस. निवडणुकीत मी बायकांना शब्द दिला होता की पाण्याचं काहीतरी करीन. काय करीन ते मलाही माहीत नव्हतं.

आमचा तालुका अटल भूजल योजनेत होता. केंद्राची ही योजना सात राज्यांत होती आणि महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांत. मला आधी वाटलं, एखादा बंधारा मिळेल. पण हिचा क्रम उलटा होता. आधी गावानं आपलं पाणी मोजायचं, त्याचा ताळेबंद मांडायचा, त्यावरून जलसुरक्षा आराखडा करून तो ग्रामसभेत मंजूर करायचा आणि मग निरनिराळ्या खात्यांच्या योजनांतून कामं त्यात बसवायची. हे ऐकून बैठकीला आलेली निम्मी माणसं चहा पिऊन उठून गेली.

प्रशिक्षणात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिक मॅडमनी पहिला हिशेब फळ्यावर मांडला, तो अजून माझ्या वहीत आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. आमचं शिवार साधारण १,१०० हेक्टर. ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर ५५ लाख घनमीटर. एवढं पाणी असताना आपण उन्हाळ्यात टँकरची वाट का बघतो, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, यातलं बरंच उन्हानं उडतं, काही माती आणि झाडं घेतात, काही ओढ्यानं निघून जातं. जे मुरतं, त्याला राहायला जागा किती आहे ते बघा.

जागेची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. आपल्याखाली बेसाल्ट, काळा दगड. त्याच्या पोटात पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात म्हणजे मऊ, छिद्राळ दगडात, आणि भेगांत. हिशेबाला या खडकाची साठवण दोन टक्के धरतात. म्हणजे एक हेक्टरखाली पाणी एक मीटरनं चढलं, तरी हाती येतात फक्त २०० घनमीटर. म्हणून आमच्या विहिरी चार चांगल्या पावसांत तुडुंब भरतात आणि संक्रांत झाली की तळ दाखवायला लागतात. लहानपणापासून हे बघत होते, कारण त्या दिवशी कळलं.

मग शिवारफेऱ्या झाल्या. विहिरी मोजणं सोपं गेलं. टेप सोडायचा, काठापासून पाणी किती फुटांवर आहे ते लिहायचं, पुढं जायचं. अडलं ते बोअरशी. ग्रामपंचायतीच्या यादीत ४१ बोअर होत्या. प्रत्यक्षात किती आहेत हे प्रत्येकाला अंदाजानं माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. साठ मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली जाणाऱ्या शेतीच्या बोअरला राज्याच्या भूजल कायद्यात मनाई आहे. आमच्याकडे दोनशे फुटांवर थांबलेली बोअर शोधावी लागेल. नाव दिलं तर नोटीस येईल, मीटर बसेल, ऊस बंद करायला लावतील, अशी तिहेरी भीती होती.

शेवटी यादीतल्या आकड्यांवरच पहिला ताळेबंद झाला. उत्तर आलं, गावात पाणी शिल्लक आहे. कागदावर शिल्लक आणि वेशीत टँकर उभा. मला इतकी लाज वाटली की त्या रात्री झोप आली नाही. हा कागद मंजूर झाला असता तर पुढची सगळी कामं त्या खोट्या शिलकीवर बेतली गेली असती.

मार्ग महिला सभेत निघाला. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असा नियमच आहे, पण आमच्याकडे ती सह्यांपुरती व्हायची. या वेळी मी ती मंदिराच्या ओसरीवर संध्याकाळी घेतली आणि शिवाराचा नकाशा खडूनं फरशीवर काढला. कुणाच्या रानात रात्री कोणती मोटर चालते, कुठली बोअर गेल्या वर्षी आटली आणि तिच्याशेजारी दुसरी कधी घेतली, सगळं बायकांना पाठ. दारं धरायला रात्री नवऱ्याबरोबर त्याच जातात. दोन तासांत फरशीवर ११७ ठिपके झाले.

त्यातला एक ठिपका आमचा होता. अंजिराच्या बागेतली ४२० फुटांची बोअर, मामंजींनी घेतलेली, सातबाऱ्यावर नोंद नसलेली. घरी सांगितलं तेव्हा मामंजी म्हणाले, "नाव लिहिलंस तर नोटीस पहिली आपल्याला येईल." माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांची भीती खोटी नव्हती. मॅडमना विचारलं, तर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की ही माहिती ताळेबंदासाठी आहे, पण पुढं कधीच काही होणार नाही असं लिहून देणं त्यांच्या हातात नाही. मी नाव लिहिलं. मामंजी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. ह्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी बोअरच्या तोंडाशी पिंप आणून ठेवला.

बोअरमध्ये टेप सोडता येत नाही, म्हणून उपसा पिंपानं मोजतात. दोनशे लिटरचा पिंप आमच्या बोअरनं ८० सेकंदांत भरला. म्हणजे तासाला नऊ हजार लिटर, आठ तास वीज असली की दिवसाला ७२ हजार. गाव दोन हजार लोकवस्तीचं. माणशी ५५ लिटर धरले तर अख्ख्या गावाला दिवसाला लागतात एक लाख दहा हजार. आमच्यासारख्या दोन बोअर गावापेक्षा जास्त पाणी ओढतात. हा हिशेब ह्यांनी मामंजींच्या समोर बसून केला. मामंजींनी तो कागद पुन्हा एकदा स्वतः मांडून बघितला. बोलले काही नाहीत, पण पुढच्या रविवारी शेजारच्या वस्तीवरचे दोघे आपल्या बोअरची खोली सांगायला आमच्याच ओट्यावर आले.

नव्या आकड्यांनी ताळेबंद तुटीत गेला. ग्रामसभा पहिल्यांदा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. १०० माणसं किंवा मतदारांच्या १५ टक्के, यांतला जो आकडा कमी तेवढे लोक लागतात, आणि आम्ही भरलो ६३. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पण मला तसा आराखडा नको होता, म्हणून आम्ही वस्त्यावस्त्यांवर फिरलो. दुसऱ्या सभेला गावचा पार माणसांनी भरला.

भांडण झालं ते उसावर. पाटानं पाणी दिलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाला २५ हजार घनमीटरच्या आसपास पाणी जातं. गावाचं पिण्याचं वर्षाचं पाणी ४० हजार घनमीटर, म्हणजे चार एकर उसाएवढं. हा आकडा वाचल्यावर सभा थोडा वेळ गप्प झाली. मग एक तात्या उठले आणि म्हणाले, "ऊस सोडला तर सोसायटीचं कर्ज कोण फेडणार?" त्यांचंही खरं होतं. हिवरे बाजारनं ऊस आणि केळी नको, शेतीला बोअरचं पाणी नको असं ठरवलं आणि ते पाळलं. आमच्याकडे तेवढा एकोपा नव्हता. ठराव झाला तो असा : नवा ऊस ठिबकशिवाय नाही, आणि गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी बोअर कुणी मागायचीही नाही. मला अजून कडक हवा होता. पण जो ठराव माणसं पाळतील तोच करावा, हे त्या दिवशी मी मान्य केलं.

ठिबकच्या अनुदानाचे अर्ज ऑनलाइन भरून घेणं हे पुढचे सहा महिने माझं मुख्य काम झालं. लहान शेतकऱ्याला ८० टक्के अनुदान, पण पैसा आधी घालावा लागतो, नंतर खात्यावर येतो. काहींचे अर्ज आधार आणि सातबाऱ्यावरची नावं जुळत नाहीत म्हणून परत आले. पाझर तलावाच्या गाळाची फाइल तालुक्यातल्या एका कार्यालयात अख्खा उन्हाळा पडून राहिली. पुढच्या उन्हाळ्यात गाळ निघाला.

त्या तलावाबद्दल सांगायलाच हवं. तो १९७२ च्या दुष्काळात खोदलेला, माझ्या आजेसासूबाईंनी तिथं पाट्या वाहिल्या होत्या. तळाला चिकण गाळ इतका बसला होता की पाणी दिसायचं, पण मुरायचं नाही. मॅडमनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. मुरूम लागला की थांबायचं, आणि भरावाच्या पायथ्याला हात लावायचा नाही. जेसीबीवाल्याला आणखी खोल जायचं होतं, म्हणून आम्ही बायका पाळीपाळीनं तिथं बसलो. गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरनं माळरानावर नेला.

त्या पावसाळ्यात तलाव भरला आणि दिवाळीपर्यंत निम्मा रिकामा झाला. काही जण म्हणाले, वाया गेला, पाणी टिकत नाही. मी म्हटलं, पाणी मुरावं म्हणूनच तर गाळ काढला, आणि त्यांना खालच्या बाजूच्या सहा विहिरींची वही दाखवली.

आम्ही पाणी चार वेळा मोजतो : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. गेल्या मेमध्ये त्या सहांपैकी चार विहिरींत पाणी आधीच्या मेपेक्षा वर होतं, दोन होत्या तशाच. पाऊसही बरा झाला होता, त्यामुळं यातलं गाळाचं किती आणि पावसाचं किती, ते अजून दोन-तीन उन्हाळे मोजल्यावर कळेल. योजनेचे साहेब आता पूर्वीसारखे येत नाहीत. टेप आमच्या घरी खुंटीला असतो. बागेतल्या विहिरीचा आकडा मामंजी घेतात, आणि चष्मा लावून वहीत स्वतःच लिहितात.