तुम्ही विचारलंत म्हणून: विभाजनाचे प्रथिन वाढवल्यावर जिवाणू लांब का होतो?

जनुकांची अतिअभिव्यक्ती करून, म्हणजे एखाद्या जनुकाचे प्रथिन नेहमीपेक्षा जास्त बनवायला लावून, जिवाणूंचा आकार बदलण्याच्या कामाविषयी बोललो की एक प्रश्न हमखास येतो: पेशीचे विभाजन घडवणारे प्रथिन वाढवले, तर विभाजने वाढायला हवीत, मग पेशी उलट लांबत कशी जाते? प्रश्न रास्त आहे. फक्त 'वाढवले' म्हणजे नेमके किती, हे त्यात सुटून जाते.

ई. कोलाय हा प्रयोगशाळेत नेहमी वापरला जाणारा जिवाणू म्हणजे साधारण दोन मायक्रोमीटर लांबीचा दंडगोल. एफटीएसझेड या प्रथिनाचे रेणू त्याच्या मध्यभागी एकमेकांना जोडले जाऊन कडे तयार होते आणि त्या जागी पेशी दुभागते. टोकांशी असे कडे बनू नये, याची काळजी मिन प्रथिने घेतात. जिवाणूंच्या विभाजनाचे अभ्यासक लुटकेनहाउस यांच्या प्रयोगशाळेने 1985 मध्ये दाखवले की एफटीएसझेड माफक प्रमाणात वाढवले की ते मिन प्रथिनांच्या अटकावाला पुरून उरते, टोकांशीही विभाजन होऊ लागते आणि गुणसूत्र नसलेल्या चिमुकल्या पेशी सुटतात. तेच प्रथिन खूपच वाढवले, तर विभाजन थांबते आणि पेशी तंतूसारखी लांबते. पुढे 1992 मध्ये त्याच प्रयोगशाळेने या कोड्याचा महत्त्वाचा धागा पुढे आणला. एफटीएसए हे जोडीदार प्रथिन एकटे वाढवले तरी विभाजन अडते, पण त्याच्या बरोबरीने एफटीएसझेडही वाढवले की ते पुन्हा सुरू होते. म्हणजे पेशीला दोहोंमधले प्रमाण सांभाळावे लागते. माझ्या मते या क्षेत्रात येणाऱ्याने सर्वांत आधी हाच प्रयोग समजून घ्यावा.

प्रत्यक्ष कामात मात्र पेशी लांबवण्यासाठी एफटीएसझेड वाढवण्यापेक्षा सुलए हे विभाजन रोखणारे प्रथिन वाढवणे सोयीचे असते. डीएनएला इजा झाली की ई. कोलाय स्वतःच सुलए बनवतो. ते एफटीएसझेडला कडे रचू देत नाही आणि दुरुस्तीपुरता विभाजनाला थांबा मिळतो. दुरुस्ती संपली की लॉन नावाचे विकर सुलएचा झपाट्याने निकाल लावते. आपण सुलएचे जनुक प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) घालून प्रेरकाच्या, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या रसायनाच्या, ताब्यात दिले, की पेशीचाच हा तात्पुरता थांबा हवा तेवढा लांबवता येतो. अर्थात, लॉन त्याचा जितका फडशा पाडतो त्याहून अधिक सुलए सतत बनत राहायला हवे.

हा उपद्व्याप कशासाठी, तर जागेसाठी. पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट हे जैवविघटनशील प्लास्टिक जिवाणू पेशीच्या आत कणांच्या रूपाने साठवतात आणि काही जातींत ते सुक्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते. पोते भरले की धान्य कितीही असले तरी उपयोग नसतो, तसे इथे पेशीचे आकारमानच आड येते. बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठातील चेन ग्वो-च्यांग यांच्या गटाने सुलएच्या अतिअभिव्यक्तीने पेशी लांबवून हा साठा वाढवला. पेशीला दंडगोल ठेवणारे एमआरईबी हे प्रथिन काढून घेतले तर ती गोल आणि जाड होते. त्यासाठी मूळ जनुक काढून टाकून, त्याची प्रत तापमान वाढवल्यावर निखळून जाणाऱ्या प्लाझ्मिडवर ठेवण्याची युक्तीही याच गटाने वापरली.

दोन्ही मार्गांत खरी कसोटी वेळेची असते. विभाजन लवकर थांबवले तर पेशींची संख्याच वाढत नाही आणि मोठ्या पेशी मोजक्याच हाती लागतात. फार उशीर केला तर पोषकद्रव्ये संपत आलेली असतात आणि पेशींना लांबायला बळ उरत नाही. म्हणून आधी संवर्ध (पोषक द्रवात वाढणारे जिवाणू) नेहमीच्या आकाराच्या पेशींनी दाट होऊ द्यायचा आणि मगच प्रेरक घालायचा किंवा तापमान चढवायचे. कारखान्याच्या दृष्टीने मला या पद्धतीचा दुसरा फायदा अधिक मोलाचा वाटतो: मोठ्या पेशी स्वतःच्या वजनाने तळाशी बसू लागतात, त्यामुळे त्या द्रवातून वेगळ्या काढताना सेंट्रिफ्यूजवरचा वीजखर्च कमी करता येतो.