काकवीच्या रंगाचा घोडा

घोड्याचं चित्र म्हटलं की आमच्या कोल्हापुरात त्यावर कुणीतरी बसलेलं असतंच. मी स्वतः अशी पन्नासेक तरी केली असतील. त्यामुळं डॉक्टर स्टुडिओत आले आणि म्हणाले, "पेंटर, घोडा काढायचा, पण रिकामा," तेव्हा मला आधी वाटलं पैसे कमी करायला बघतायत.

हे डॉक्टर जनावरांचे. रेसच्या घोड्यांवर उभी हयात घालवून आता रिटायर झालेत. त्यांना हवा होता अठराव्या शतकातल्या जॉर्ज स्टब्स या इंग्रज चित्रकाराचा 'व्हिसलजॅकेट' नावाचा घोडा. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, उंची २९२ सेंटिमीटर, रुंदी २४६. म्हणजे जवळजवळ खऱ्या घोड्याएवढा घोडा. डॉक्टरांची भिंत तेवढी नाही, म्हणून निम्म्या मापाचं ठरलं: १४६ बाय १२३. मला ते बरंच वाटलं. नक्कल मूळ मापाची कधी करू नये, पुढेमागे कुणाला फसवायचं म्हटलं तरी जमू नये.

मूळ चित्र मी एकदाच पाहिलंय, २०१९ ला, मुलाच्या पदवीदानाला गेलो होतो तेव्हा. दालनांच्या दारांतून लांबूनच तो दिसतो. मागच्या दोन पायांवर उठलेला, मान आपल्याकडं वळवलेली, डोळा विस्फारलेला. खोगीर नाही, लगाम नाही, जमीन नाही, आभाळ नाही. मागं नुसता एक मातकट रंग. बायको म्हणाली, "अर्धंच राहिलंय की हे."

तसं समजणारी ती एकटी नव्हे. हे चित्र साधारण १७६२ चं, मार्क्वेस ऑफ रॉकिंगहॅमनं करून घेतलेलं. हे उमराव पुढं दोनदा ब्रिटनचे पंतप्रधान झाले. घोड्यावर तिसरा जॉर्ज राजा बसवायचा होता, तो आणि मागचा देखावा दुसरे चित्रकार करणार होते, पण बेत फिसकटला, असं पूर्वीपासून सांगतात. मला ते पटत नाही. त्याच सुमारास त्याच मालकासाठी स्टब्सनं घोड्या आणि शिंगरांचं एक आडवं चित्र केलंय, त्यालाही मागं काही नाही. एकदा राहून जाईल, दोनदा कसं राहील?

घोड्याच्या नावाची गंमत डॉक्टरांनी सांगितली. व्हिसलजॅकेट म्हणजे सर्दीपडशावरचं तिकडचं जुनं औषध, जिन ही दारू आणि काकवी. हे ऐकलं आणि माझं अर्धं काम झालं. कारण तोवर मी बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग थापून थापून घोड्याचं सागवानी कपाट करून ठेवलं होतं. तांबूस होता, पण आतून उजेड येत नव्हता. दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावरनं काकवी आणली, काचेच्या ग्लासात ओतली आणि खिडकीत ठेवली. कडेला सोनेरी, मधे लालसर, तळाला काळपट. मग सगळं अंग खरवडून पुन्हा फिकट पिवळसर थरापासून सुरुवात केली आणि वरून जवसाच्या तेलात पातळ केलेले थर, एकेक सुकवून, पाच वेळा दिले. शेपूट आणि आयाळ मात्र फिकी, जवळजवळ पांढरी. (उरलेली काकवी भाकरीबरोबर संपली.)

कातडीखालचं काम मात्र काकवीनं भागत नाही. स्टब्स लिव्हरपूलचा, बाप कातडी कमावणारा. लिंकनशरमधल्या हॉर्कस्टो गावात राहून त्यानं दीडेक वर्ष मेलेले घोडे टांगून, थर थर सोलून त्यांची चित्रं काढली. १७६६ साली त्यातून 'घोड्याचं शरीरशास्त्र' हे पुस्तक निघालं. त्या वासात मेरी स्पेन्सर नावाची बाई त्याला मदत करत होती, तिचंही नाव घ्यायला पाहिजे. मी गॅलरीच्या वेबसाइटवरचं चित्र मोठं करकरून, चौकोन आखून, पोटावरच्या शिरा उतरवल्या. डॉक्टर दर शनिवारी तपासायला यायचे. एकदा एका शिरेवर बोट ठेवून म्हणाले, "ही इथनं जात नाही." पुन्हा चौकोन मोजले. माझाच एक चौकोन सरकला होता.

पण खरा घाम काढला त्या मोकळ्या जागेनं. लोकांना वाटतं तिथं काय, एक रंग फासला की झालं. पहिल्यांदा दोन दिवसांत भरली, तर दुसऱ्या दिवशीचा रंग वेगळाच दिसायला लागला. दुसऱ्यांदा सगळा रंग एकदम डब्यात कालवला, तर त्यातल्या रॉ अंबर या मातकट तपकिरी रंगानं दगा दिला. तो लवकर सुकतो आणि सुकताना तेल पिऊन घेतो. जागोजागी मळकट डाग, मधेच चकाकी. शेवटी सुकलेल्या थरावर तेलाचा पुसट हात फिरवला तेव्हा सगळं एका पातळीवर आलं.

एवढं करूनही घोडा कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा दिसत होता. चार दिवस नुसता बघत बसलो. मग लक्षात आलं, मागच्या खुरांखाली स्टब्सनं बारीकशी सावली टाकलीय. तेवढीच त्याची जमीन. मी ती पुसट केली होती. दोन हात गडद केली आणि सगळं वजन खाली उतरलं.

मूळ चित्र १९९७ साली गॅलरीनं १ कोटी १० लाख पौंडांना घेतलं. माझे पैसे सांगत नाही. मागच्या बाजूला 'स्टब्सच्या चित्रावरून नक्कल' असं लिहून सही केली आणि पोचवलं. लिफ्टमध्ये मावेना, तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यानं चढवलं. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "बसणारा कुठाय?" डॉक्टर म्हणाले, "याला चालत नाही."

वॉर्निश अजून व्हायचंय. तेलरंगाला नीट सुकायला सहा महिने तरी द्यावे लागतात, दिवाळीनंतर जाऊन करीन. तोवर डॉक्टरांना बजावून आलोय, समोर उदबत्ती लावू नका.