जुनी पिकअप सकाळी स्टार्ट होत नसेल, तर पंप काढण्याआधी एवढं बघा

रात्रभर उभी असलेली जुनी डिझेल पिकअप सकाळी नुसता सेल्फ खाते, कशीबशी चालू झाली तर दोन मिनिटं अडखळते, आणि एकदा गरम झाली की दिवसभर काही तक्रार नाही. या दुखण्यावर बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो पंप (सिलिंडरमध्ये फवारा मारणाऱ्या नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणारा) काढण्याचा. पंप काढायचा, कॅलिब्रेशनला (डिझेलचं माप जुळवायला) द्यायचा, परत आणून टायमिंगला (डिझेल सोडण्याच्या वेळेला) बसवायचा, यात पैसे जातातच आणि भाजीपाल्याच्या सीझनमध्ये गाडी उभी राहते ते वेगळंच. खरा दोष बऱ्याचदा टाकीपासून पंपापर्यंतच्या एखाद्या तडकलेल्या रबरी नळीत असतो. म्हणून आधी स्वस्त आणि सोपं तपासायचं, पंपाला हात सगळ्यात शेवटी.

इथलं सगळं कॉमन रेल (संगणकाने चालणारी, जास्त दाबाची डिझेल यंत्रणा) येण्याआधीच्या, म्हणजे यांत्रिक पंपाच्या चार सिलिंडर गाड्यांसाठी आहे: जुनी बोलेरो पिकअप, टाटा 207 आणि त्या काळातल्या इतर गाड्या. कॉमन रेल इंजिनाचे नोझलचे पाइप सेल्फ मारताना किंवा इंजिन चालू असताना कधीही ढिले करू नका. त्यात दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो.

सुरुवात धुराकडे बघून करा. एकजण सेल्फ मारेल, दुसऱ्याने सायलेन्सरकडे बघायचं. धूर अजिबातच नाही, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. पांढरा धूर येतोय आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास आहे, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. या दोन वाटा पूर्ण वेगळ्या आहेत. पहिल्या वाटेवर असताना हीटर प्लग (थंड सिलिंडर आधी तापवणारे) बदलण्यात काही अर्थ नाही.

दोन्ही वाटांच्या आधी बॅटरी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर गेलं तरच डिझेल पेटतं. सेल्फ मंद फिरला की दाबलेली हवा पिस्टनच्या कडेने निसटते, सिलिंडरच्या थंड भिंतीही उष्णता ओढून घेतात. बॅटरीवर मीटर लावून सेल्फ मारा. उभ्या गाडीला 12.6 व्होल्ट आणि सेल्फ चालू असताना 9.6 च्या वर असेल तर बॅटरी ठीक. त्यानंतर मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकला लावून पुन्हा सेल्फ मारा. इथे अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थिंगची केबल गंजलेली आहे. जुन्या गाडीत हे फार आढळतं आणि बिचारी बॅटरी उगाच बदलली जाते.

आता धूर नसलेली वाट. पंपावर स्टॉप सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा खटका) असेल तर चावी ऑन करताच टक असा आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर फ्यूज आणि सोलेनॉइडची तार बघा. ओढून इंजिन बंद करायची केबल असेल तर ती सोडल्यावर पंपावरचा दांडा पूर्ण मागे येतो का ते बघा. केबल गंजून अर्ध्यात अडकली तर पंप बंदच राहतो.

यानंतर हवा. टाकी ते फिडपंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हा भाग शोषणाचा आहे, तिथे भोक पडलं तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून खाली थेंब दिसत नाही आणि लाइन चांगली आहे असं वाटतं. रात्रभरात त्या भोकातून हवा शिरते, नळीतलं डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी पंपाला रिकामी नळी मिळते. याची सोपी परीक्षा आहे: एक रात्र गाडी तोंड उताराकडे करून, लाकडी गुटके लावून उभी करा. सकाळी झटकन स्टार्ट झाली तर संशय हवेवर घट्ट होतो.

पक्की खात्री डब्याने करायची. पाच लिटरचा स्वच्छ डबा, त्यात गाळलेलं डिझेल, डबा इंजिनपेक्षा उंच पण गरम भागापासून दूर बांधायचा. त्यातून पारदर्शक नळी थेट पंपाच्या आत जाणाऱ्या तोंडाला जोडायची आणि रिटर्नची (उरलेलं डिझेल परत नेणारी) नळीही त्याच डब्यात सोडायची. हवा काढून गाडी चालू करा, मग रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी एका सेल्फमध्ये चालू झाली तर पंप निर्दोष आहे, दोष टाकी ते फिल्टरच्या दरम्यान आहे. आता एकेक जोड बघा: क्लिपखाली चिरलेली नळीची टोकं, फिल्टरच्या डोक्यावरची रबरी रिंग, हातपंपाचा (फिल्टरपाशी हाताने डिझेल भरायच्या पंपाचा) डायफ्राम, चेसिसला घासून झिजलेली लोखंडी पाइप. तांब्याचे वॉशर नवे घाला. नवे नसतील तर जुना वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तो मऊ होऊन पुन्हा नीट बसतो.

रोटरी पंपावर (एकाच फिरत्या डोक्यातून सगळ्या नोझलना डिझेल वाटणारा पंप) एक बारीक गोष्ट आहे. डिझेल आत येणारा आणि रिटर्नचा, हे दोन बँजो बोल्ट (आतून पोकळ, ज्यातून डिझेल वाहतं) बाहेरून सारखे दिसतात. रिटर्नच्या बोल्टवर आउट लिहिलेलं असतं आणि त्याला सुईएवढं भोक असतं, पंपाच्या आतला दाब त्यावर राखला जातो. कुणी अदलाबदल केली तर चांगला पंपही खराब वागू लागतो. दोन्ही बोल्ट काढून प्रकाशासमोर धरा, लगेच कळतं.

हवा काढताना क्रम पाळा. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारा, मग स्क्रू घट्ट करा. त्यानंतर नोझलच्या टोकाचे नट (बहुतेक 17 च्या पान्याचे) अर्धा आटा ढिले करून दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारा, मिनिटभर सेल्फला थंड होऊ द्या, डिझेल फुटायला लागलं की एकेक नट आवळा. नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट कधीच नेऊ नका. तो फवारा कातडीत घुसतो, जखम टाचणीएवढी दिसते आणि दुखत नसलं तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठावं लागतं.

फिल्टर बदलताना त्याच्या मधल्या भोकातून डिझेल ओतून भरायची सवय आहे, ती सोडा. ती बाजू गाळलेल्या डिझेलची आहे, कॅनमधला कचरा थेट पंपात जातो. हातपंपाने भरायला पाच मिनिटं जास्त लागतात, तेवढी लागू द्या. पावसाळ्यात फिल्टरखालचा स्क्रू उघडून पहिलं कपभर डिझेल काचेच्या बरणीत काढा आणि पंधरा मिनिटं ठेवा. पाणी तळाशी बसतं. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं म्हणजे पंपाचं वंगणच काढून घेणं आहे, कारण रोटरी पंपाला वंगण डिझेलचंच असतं.

पांढऱ्या धुराच्या वाटेवर आधी हीटर प्लग, पण तुमच्या इंजिनाला ते आहेत का ते बघूनच. डायरेक्ट इंजेक्शनच्या काही इंजिनांना नसतात. असतील तर पट्टी काढून प्रत्येक प्लगचा रेझिस्टन्स मोजा. साधारण एक ओहमच्या आसपास आला तर चांगला, मीटर काहीच दाखवत नसेल तर गेलेला. निफाडकडच्या जानेवारीत एक प्लग मेला तरी फरक जाणवतो.

गाडी चालू होऊन तीनच सिलिंडरवर धावत असेल तर आयडलला नोझलचे नट कापड धरून एकेक ढिले करा. जो ढिला केल्यावर इंजिनचा आवाज बदलत नाही तो सिलिंडर मेलेला. त्याचं नोझल टेस्टरवर तपासून घ्या. बसवताना खालचा वॉशर नवा, आणि जुना वॉशर आत चिकटलेला राहिला नाही ना, हे टॉर्च मारून बघा. एकावर एक दोन वॉशर बसले तर नोझल वर राहतं आणि फवारा चुकीच्या जागी पडतो.

नोझल चांगलं निघालं तर टॅपेट, म्हणजे वॉल (व्हॉल्व्ह) दाबणाऱ्या भागातली गॅप. जुन्या इंजिनात वॉल सीटमध्ये खाली बसत जातो, गॅप कमी होते आणि कॉम्प्रेशन गळतं. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून सेटिंग टाळू नका, घट्ट टॅपेट गप्पच असतो. सिलिंडर 1-3-4-2 या क्रमाने पेटत असतील तर बेरीज पाचची ठेवा: चौथ्याचे दोन्ही वॉल हलत असताना पहिला सेट करा, दुसऱ्याचे हलताना तिसरा, तिसऱ्याचे हलताना दुसरा, पहिल्याचे हलताना चौथा. गॅपचा आकडा मात्र त्याच इंजिनच्या मॅन्युअलचा घ्या.

हे सगळं करूनही पांढरा धूर आणि सेल्फ खाणं चालूच राहिलं तर कॉम्प्रेशन मोजून घ्या, डिझेलच्या गेजने. सिलिंडरांमध्ये मोठा फरक आला किंवा ऑइलचं झाकण उघडल्यावर जोरात बॅक कॉम्प्रेशन (रिंगांमधून निसटलेली हवा) येत असेल तर पंपावर खर्च करू नका, काम रिंगचं किंवा हेडचं आहे. कॉम्प्रेशन चारही ठिकाणी सारखं आणि चांगलं असेल तरच पंप काढायचा. काढण्याआधी पंपाचा फ्लँज आणि इंजिन या दोघांवरून पातळ छिन्नीने एक सरळ रेघ ओढा. रंगाची खूण चालणार नाही, कॅलिब्रेशनवाला पंप धुतो तेव्हा ती निघून जाते.