पायोनियर एसएक्स-७८० : तिसऱ्या महिन्यात डावा चॅनल परत आला

मंडळी, डावा चॅनल आला! काल रात्री साडेदहाला केस बंद करून चारही स्क्रू कसले आणि मग तासभर नुसता ऐकत बसलो, आवाज अगदी हळू ठेवून, कारण याचा आजार हळू आवाजातच होता. एकदाही गेला नाही.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. सेट आहे पायोनियर एसएक्स-७८०, म्हणजे रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत असलेला स्टीरिओ रिसीव्हर, १९७८ चं मॉडेल, चॅनलला (डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला) ४५ वॅट. इंदूरच्या पलसीकर कॉलोनीतल्या एका काकांनी मस्कतहून येताना आणला होता, नंतर मुलांनी साउंडबार घेतला आणि हा दिवाणाखाली गेला. मला ९ हजारात मिळाला. काकू म्हणाल्या, नेतोयस तर वाजव हं, शोभेला ठेवू नकोस.

घरी आणला तेव्हा अजिबात आवाज नव्हता. लाइट लागायचा, रिलेचं (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचं) टक् ऐकू यायचं, पण स्पीकर गप्प. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलोच होतो, म्हटलं एकदा काकांना फोन करू, तर ते म्हणाले, "अरे बाळा, उघडू नकोस आधी, टेप मॉनिटरचं बटण बघ." बघितलं तर खरंच आत दाबलेलं. ते आत असलं की रिसीव्हर फक्त मागे लावलेल्या टेप डेकचा आवाज घेतो, आणि डेक नसेल तर शांतता. बंद पडलाय म्हणून विकायला निघालेले कित्येक जुने रिसीव्हर याच एका बटणामुळे बंद असतात, घ्यायला गेलात तर पहिलं हेच बघा.

बटण पुन्हा दाबून बाहेर आणल्यावर आवाज आला, पण डावा चॅनल लहरी. कमी आवाजावर गायब, व्हॉल्यूम वाढवला की एकदम परत, मग अर्धा तास नीट, पुन्हा गायब. मी हे विचारलं तेव्हा दहापैकी आठ जणांनी एकच सांगितलं, एसटीके (स्पीकरला पॉवर देणारा आतला भाग) गेला. या सेटच्या मालकांमधलं सगळ्यात जुनं भांडण तेच आहे. ७८० मध्ये आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर नाहीत, प्रत्येक चॅनलला एक एसटीके-००५० नावाचं पॅक, म्हणजे सगळं एकत्र बंद केलेला तयार ठोकळा, आहे, त्यामुळे काही लोक याला कमी लेखतात, म्हणतात घ्यायचा तर आधीच्या सिरीजमधला एसएक्स-७५० घ्या, तो ५० वॅटचा. दुसरी बाजू म्हणते की कानाला फरक कळत नाही, पॅक जपून वापरलं तर टिकतं. मी आता दुसऱ्या बाजूला आहे, पण पहिल्यांची एक गोष्ट मान्य करतो, पॅक खरंच जळलं तर अस्सल मिळणं कठीण, बाजारात नावाचा शिक्का मारलेला नकली माल भरपूर आहे आणि तो लावून दोन दिवसांत पुन्हा जळाल्याच्या कहाण्या सगळ्यांकडे आहेत. मला पण एकाने दोन पॅक लगेच देतो म्हटलं होतं, बरं झालं घेतले नाहीत.

कारण एसटीके गेला असता तर आवाज वाढवल्यावर स्वच्छ परत कशाला आला असता? ही गोष्ट डोक्यातून जाईना. पहिल्यांदा स्पीकरच्या वायरी डाव्या-उजव्या बदलून पाहिल्या, दोष डाव्या आउटपुटवरच राहिला, म्हणजे स्पीकर ठीक. मग सिरीज बल्ब, म्हणजे सेटकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच एक बल्ब लावून (१०० वॅटचा जुना पिवळा बल्ब, एलईडी चालत नाही) सेट चालू केला, बल्ब एकदम पेटला आणि लगेच मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नाही. मग रिलेच्या आधी डीसी (स्पीकरला नको असलेला स्थिर व्होल्टेज) मोजला, डावीकडे १८ मिलिव्होल्ट, उजवीकडे ११. पन्नासच्या आत असलं की मी निर्धास्त असतो. म्हणजे अँप्लिफायर शाबूत आणि गडबड त्याच्या पुढे. शेवटी डावा गायब असताना स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने रिलेवर अगदी हलकं टकटक केलं आणि आवाज आला!

रिले म्हणजे तोच, जो चालू केल्यावर दोन-चार सेकंदांनी टक् करून स्पीकर जोडतो, आणि आत काही बिघडून डीसी आला तर स्पीकर तोडून वाचवतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्याच्या काँटॅक्टवर काळा थर चढतो, यात कंपनीचा काही दोष नाही, वयच तेवढं झालंय. हळू आवाजात सिग्नल इतका बारीक असतो की तो थर ओलांडता येत नाही, व्हॉल्यूम वाढवला की थर फुटतो आणि करंट जायला लागतो. म्हणून ते येणं-जाणं. कुठल्याही जुन्या रिसीव्हरला हे लक्षण दिसलं तर आधी रिले, मग बाकी सगळं.

आधी साफ करून बघितला, कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून काँटॅक्टमधून ओढली, काळं निघालं, आठवडाभर छान चालला आणि पुन्हा तेच. पॉलिश पेपर लावायचा मोह झाला होता पण काँटॅक्टवरचा मुलामा त्याने निघून जातो, नको. मग नवा रिले शोधायला दोन शनिवार जेल रोड पालथा घातला, सेम कॉइल व्होल्टेज आणि सेम पिना दोन्ही जुळायला हव्यात, दुसऱ्या शनिवारी मिळाला, पैसे किरकोळ. काल तोच बसवला. उघडण्याआधी प्लग काढून मोठे कॅपेसिटर रेझिस्टर लावून रिकामे केले, हे कोणी विसरू नका, बंद सेट पण झटका देतो.

बाकी कामं पटापट सांगतो. व्हॉल्यूम, बॅलन्स आणि टोनच्या पॉटची (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरची) खरखर काँटॅक्ट क्लीनरने गेली, डब्ल्यूडी-४० मारू नका, ते पॉटसाठी नाही. डायलचा एक दिवा गेलेला, फ्यूजसारखे ८ व्होल्टचे बल्ब असतात, मी साधे बल्बच पुन्हा लावले कारण पांढऱ्या एलईडीने तो ऊबदार पिवळा डायल दवाखान्यासारखा दिसायला लागतो, पण ज्यांनी वॉर्म एलईडी लावलेत ते खूष आहेत. मागच्या व्होल्टेज सिलेक्टरला २४० वर केलं, आमच्या लोकमान्य नगरात रात्री मीटरवर २४४-२४६ येतं, २२० वर ठेवून ट्रान्सफॉर्मर उगाच तापवायचा नाही. अमेरिकेतला १२० व्होल्टवाला सेट असेल तर त्याला स्टेपडाउन लागेल.

पॉवरबद्दल विचारणारे खूप आहेत, ४५ वॅट पुरतील का? माझ्याकडे १२ बाय १४ ची खोली आहे, बुकशेल्फ स्पीकर, आणि पॉवर मीटरची सुई रोजच्या ऐकण्यात अर्धा-एक वॅटच्या आसपास फिरते. ४५ चे ९० केले तर जेमतेम ३ डेसिबल वाढतात. आपल्याकडे टू-इन-वनवर पीएमपीओचे (क्षणभराच्या फुगवलेल्या पॉवरचे) हजार-हजार वॅट लिहिलेले बघून डोळ्यांना सवय झालीय म्हणून ४५ छोटा वाटतो. अमेरिकेत १९७४ ला नियमच आला की जाहिरातीत दोन्ही चॅनल एकदम चालवून सतत निघणारी पॉवर लिहा, त्यामुळे त्या काळच्या अशा सेटवरचा आकडा खरा असतो. फक्त ए आणि बी या स्पीकरच्या दोन्ही जोडण्यांना ८-८ ओहमचे स्पीकर लावून एकदम चालवत असाल तर सेटला ४ ओहम दिसतात हे लक्षात ठेवा.

एफएमचं मात्र मनापासून सांगतो, यासाठीच लोक हा सेट सोडत नाहीत. जुन्या टीव्हीची चपटी वायर दीड मीटर कापून टी आकाराचा अँटेना केला, खिडकीच्या वर ठोकला, आणि ९२.७, ९३.५, ९४.३, ९८.३ सगळे स्टीरिओचा दिवा लावून येतात. रेडिओ मिर्ची आमच्याकडे २००१ मध्ये सुरू झालं तेव्हा आम्ही ते फिलिप्सच्या छोट्या रेडिओवर ऐकायचो, तेच स्टेशन या ट्यूनरवर इतकं भरलेलं येतं याची कल्पना नव्हती. एक सावधगिरी, जपानमध्ये विकायला बनवलेला जुना रिसीव्हर स्वस्तात मिळाला तर एफएमचा पट्टा बघा, तिथे तो ७६ ते ९० होता, इंदूरचं यातलं एकही स्टेशन त्यावर लागणार नाही.

काल रात्री चाचणीला उस्ताद अमीर खाँसाहेबांची रेकॉर्ड लावली, आपल्या इंदूरचेच, आणि त्यांच्या विलंबितासारखी परीक्षा दुसरी नाही कारण मंद्रातल्या दोन स्वरांमध्ये इतकी जागा असते की सेटमधली थोडीशी गुणगुण पण लपत नाही. फोनोची (रेकॉर्ड प्लेअरची) ग्राउंड वायर सुटली होती तेव्हा हम होता, कसल्यावर गेला. तानपुरा दोन्हीकडून सारखा येऊन राहिला होता आणि मधोमध आवाज. बाबा जेवण झाल्यावर आत येऊन बसले, काही बोलले नाहीत, बाजू संपली तेव्हा स्वतः उठून रेकॉर्ड उलटली.

पुढच्या रविवारी काका-काकूंना ऐकायला बोलावलंय. तोवर फोनो इनपुटचे मागचे सॉकेट चमकवायचे आहेत, उजवीकडचा थोडा सैल आहे, सोल्डर ताजं करावं लागेल असं दिसतंय.