चारशे उघडे बग आणि नवी आवृत्ती

नांदेड, परभणी, लातूर, कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात बोलायला गेलो की हा प्रश्न हटकून येतो: ‘सर, तुमच्या प्रकल्पात चारशेवर बग उघडे असताना तुम्ही नवी आवृत्ती काढता तरी कशी?’ तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

त्या चारशे नोंदी आहेत, म्हणजे वापरणाऱ्यांनी कळवलेल्या आणि अजून न मिटलेल्या तक्रारी. त्यांत खरे बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष, किती, हे नोंदी वाचल्याशिवाय कळत नाही. आमचे सॉफ्टवेअर देवनागरी मजकुराचे आहे, आणि ‘शेतकऱ्यांची’ हा आपल्याकडचा रोजचा शब्द त्यात मध्यंतरी ‘शेतकर्यांची’ असा उमटू लागला होता. कुणी तो फॉन्टचा दोष म्हणून नोंदवला, कुणी कीबोर्डचा, कुणी छपाईचा. अशा नऊ नोंदी वेगवेगळ्या नावांनी पडून होत्या. युनिकोडच्या, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या जागतिक पद्धतीच्या, नियमानुसार ‘ऱ’ हे अक्षर ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन तुकड्यांत फोडता येते. आमच्या मजकूर साफ करणाऱ्या भागात ते तसे फुटत होते आणि सुटा पडलेला नुक्ता कचरा समजून टाकला जात होता. दुरुस्ती एका ओळीची होती, पण नऊ नोंदींचे दुखणे एकच आहे हे ओळखण्यात माझे दोन रविवार गेले. नोकरी सांभाळून हे काम करणाऱ्या आम्हा चौघांना रविवारच काय ते मिळतात.

आवृत्ती काढताना आम्ही उघड्या नोंदींची संख्या पाहत नाही, त्यांची गंभीरता पाहतो. डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीच्या प्रकल्पात गंभीरतेच्या सात पायऱ्या आहेत. त्यांपैकी वरच्या तीन पायऱ्यांवरचे बग आवृत्ती अडवतात, उरलेले अडवत नाहीत. आमचा नियम याहून साधा आहे: लिहिलेला मजकूर बिघडत किंवा नाहीसा होत असेल तर थांबायचे, आणि मेनूतले चित्र तिरके दिसत असेल तर थांबायचे नाही.

जुन्या नोंदी सरसकट बंद का करत नाही, असेही तुमच्यातल्या एकाने विचारले होते. फेडोरा या तशाच दुसऱ्या प्रणालीची आवृत्ती साधारण 13 महिन्यांनी आधाराबाहेर गेली, म्हणजे तिच्या दुरुस्त्या थांबल्या, की तिच्यावरच्या उघड्या नोंदी पूर्वसूचना देऊन बंद होतात. त्याला निदान काही कारण असते. साठ दिवस कोणी बोलले नाही एवढ्यावरून नोंद बंद करणारा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, मात्र मला पटत नाही, कारण गप्प बहुधा आम्हीच बसलेलो असतो. जे कधीच करणार नाही त्याला ‘करणार नाही’ असे स्पष्ट लिहून मी नोंद बंद करतो. त्यावर लोक रागावतात, पण ताटकळत राहत नाहीत.

तो बॉट आम्हीही एकदा लावून पाहिला. त्याने बंद केलेल्या ढिगातच औशाच्या एका झेरॉक्सवाल्याची नोंद नंतर मला सापडली. पीकविम्याच्या अर्जाची आधीची आणि नंतरची अशा दोन्ही फाइली त्याने जोडल्या होत्या, आणि नुक्ता नेमका कुठे गळतो ते त्या नऊ नोंदींपैकी फक्त तिच्यातच दिसत होते. दुरुस्ती झाल्यावर मी त्याला कळवले. ‘आता हंगाम गेला सर, पुढच्या खरिपाला बघतो,’ एवढेच त्याचे उत्तर आले. बॉटने बंद केलेल्या बाकीच्या नोंदी मी त्याच आठवड्यात पुन्हा उघडल्या. तुम्हाला दिसतो तो आकडा त्यामुळेच चारशेच्या वर गेला आहे.