सकाळी परत गार होतंय की!

"ताई, रात्री फ्रीज बंदच ठेवतो. लाइटबिल काय कमी येतं का? सकाळी परत गार होतंय की!"

प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपकारक जिवंत जीवाणू घातलेल्या, दह्याचा कप कोमट लागला म्हणून विचारलं, तर दुकानदाराचं हे उत्तर. तेही हसत हसत.

कप गार होईल हो, पण आतले जीवाणू? उबेत ते आंबवत राहतात आणि स्वतःच केलेल्या आम्लात हळूहळू मरतात. दही आंबट होतं, एवढंच आपल्याला कळतं.

आपल्याकडचा नियम म्हणतो, दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जीवाणू हवेत. त्यासाठी जठरातलं आम्ल आणि पित्त सोसणारा वाण (जीवाणूच्या एकाच जातीतला विशिष्ट प्रकार) शोधायचा, मुदत संपेपर्यंत आकडा टिकावा म्हणून आधीच जास्तीचे घालायचे. एवढं करून सगळं येतं एका बटणावर! (लाइटबिलाचं त्याचंही खोटं नाही म्हणा.)

म्हणून हल्ली बॅसिलस कोअॅग्युलन्स या जीवाणूला मागणी. बीजाणूंच्या, म्हणजे कवचातल्या सुप्त, रूपात असतो, फ्रीजवाचून टिकतो. पण लॅक्टोबॅसिलस या दुसऱ्या जीवाणूच्या एखाद्या वाणाचे गुण त्याला चिकटवता येत नाहीत. गुण वाणागणिक बदलतात.

पाकिटावर मात्र मोठ्या अक्षरात नुसतं 'प्रोबायोटिक'. वाण कोणता, हे तुम्ही कधी वाचता का?