लेझर मार्किंग झकास दिसतंय, पण ऑक्साइड शाबूत आहे का?

कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत फायबर लेझरची मार्किंग मशिनं आता छोट्या वर्कशॉपमध्येही दिसतात. डेअरीच्या व्हॉल्व्हवर नंबर, ॲल्युमिनियमच्या नेमप्लेटवर सिरियल, हळद पॉलिशच्या ड्रमवर लोगो. माल जाताना अक्षरं सुरेख असतात. तक्रार नंतर येते, अक्षरं तांबूस पडली किंवा कडा सुटल्या. मग खापर वॅटवर फुटतं. आमच्या मते आधी पल्सची, म्हणजे लेझरच्या एका झटक्याची, लांबी बघावी. धातूवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर टिकतो का, हे बरंचसं तिच्यावर ठरतं.

२० वॅट आणि १०० किलोहर्ट्झ (सेकंदाला एक लाख पल्स) म्हणजे दर पल्सला ०.२ मिलिजूल. ही ऊर्जा २०० नॅनोसेकंदांत सुटली तर पल्सचा जोर साधारण १ किलोवॅट, १० नॅनोसेकंदांत सुटली तर २० किलोवॅट. तेवढ्या वेळात उष्णता ३०४ स्टेनलेसमध्ये किती मुरते? १० नॅनोसेकंदांत ०.२ मायक्रॉन, २०० मध्ये जवळजवळ १ मायक्रॉन. ॲल्युमिनियममध्ये याच्या चौपट-पाचपट. साध्या क्यू-स्विच मशिनवर पल्स १०० नॅनोसेकंदांच्या आसपास ठरूनच येतो. मोपा मशिनवर तो बदलता येतो, आणि जादा पैसे त्याचेच असतात.

ॲनोडाइज्ड, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने मुद्दाम ऑक्साइड चढवलेल्या, ॲल्युमिनियमवरचा थर १०-२० मायक्रॉनचा असतो आणि १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश त्यातून जवळपास आरपार जातो. म्हणजे तापतो तो खालचा धातू. ॲल्युमिनियम तापून जितकं फुगतं, त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाच वरचा ऑक्साइड फुगतो. पल्स लांब असला की धातू खोलवर तापतो, वितळतो, आणि वरचा थर तडकून खपल्या उडतात. पल्स आखूड आणि फ्रिक्वेन्सी जास्त ठेवली तर थराच्या तळाशी, धातूच्या अगदी वरच्या पृष्ठभागावर बारीक खरबरीतपणा येतो, त्यात प्रकाश अडकतो आणि अक्षर काळं दिसतं. वरचा थर जसाच्या तसा. बिनरंगी ॲनोडाइजवर सुरुवात अशी करा: पल्स ४ ते १० नॅनोसेकंद, फ्रिक्वेन्सी २०० ते ५०० किलोहर्ट्झ, रेषांमधलं अंतर ०.००५ ते ०.०१ मिमी, वेग ३०० ते १००० मिमी प्रतिसेकंद. पॉवर ३० टक्क्यांपासून चढवत तुकड्यावर छोट्या चौकटींची जाळी मारा, प्रत्येक चौकट वेगळ्या सेटिंगची. पल्स आखूड ठेवून फ्रिक्वेन्सी ५० किलोहर्ट्झवर आणली तर पूर्ण पॉवर मिळत नाही. मशिन बिघडलेलं नसतं, एका पल्सची कमाल ऊर्जा आतूनच बांधलेली असते. रंगीत ॲनोडाइजवर रंगच जळून जातो, अक्षर पांढरं उठतं.

थर टिकला का, हे डोळ्यांनी कळत नाही. मल्टिमीटर बझरवर ठेवा आणि दोन्ही प्रोब अक्षरावर अलगद टेकवा, दाबून ओरबाडू नका. ॲनोडाइजचा थर वीज वाहू देत नाही. बीप आला की थर फुटून धातू उघडा पडला आहे. बीप नाही, तरी केसांएवढ्या भेगा असू शकतात: काळा मार्कर फिरवा, मिनिटभराने स्पिरिटने पुसा. भेगांत शाई अडकून राहते.

स्टेनलेसची गोष्ट उलटी. त्याचा संरक्षक क्रोमियम ऑक्साइड जेमतेम १-३ नॅनोमीटरचा. तो ओरखडला तरी हवेत पुन्हा धरतो, पण पृष्ठभागात पुरेसं क्रोमियम हवं. काळं मार्किंग करताना उष्णतेने शेकडो नॅनोमीटरचा नवा ऑक्साइड वाढतो, त्यासाठी क्रोमियम वर ओढलं जातं आणि खालचा पातळ पट्टा क्रोमियमला मुकतो. वरच्या जाड थराला भेगाही पडतात. बोअरच्या खारट पाण्याने धुतलं की क्लोराइड नेमकं तिथेच बसतं. अक्षर जास्तच काळंभोर करायच्या नादात संथ वेगाने तीन-चार फेऱ्या मारणं हे गंजाला आमंत्रण. रंग येईल इतकीच उष्णता द्या, रेषांमधलं अंतर थोडं वाढवा, मोठा लोगो सलग न भाजता मध्ये थंड होऊ द्या. पिकोसेकंद (नॅनोसेकंदाहूनही कितीतरी आखूड पल्सच्या) लेझरने काळं केलेलं अक्षर पॅसिव्हेशनमध्येही, म्हणजे संरक्षक थर नीट धरावा म्हणून देतात त्या ॲसिडच्या धुण्यातही, टिकतं, पण त्या मशिनची किंमत बघून बहुतेक जण गप्प बसतात.

पॅसिव्हेशन आधी आणि मार्किंग नंतर हा क्रम उलटा करा. मार्किंगनंतर ४ ते १० टक्के सायट्रिक ॲसिड, ५० ते ६० अंश सेल्सिअस, किमान १० मिनिटं. मग स्वच्छ पाण्याने भरपूर धुवून कोरडं. अक्षर थोडं फिकं होतं, म्हणून त्याच पत्र्याच्या तुकड्यावर आधी करून गिऱ्हाइकाची मान्यता घ्या. तपासणीही तुकड्यावरच: २५० मिली डिस्टिल्ड पाण्यात १ मिली सल्फ्युरिक ॲसिड (ॲसिड पाण्यात ओतायचं, उलट नाही) आणि ४ ग्रॅम मोरचूद, या द्रावणाने अक्षर सहा मिनिटं ओलं ठेवा. तांबूस ठिपके दिसले तर मोकळं लोखंड शिल्लक आहे. दुधाच्या किंवा खाद्यपदार्थाच्या संपर्कात येणाऱ्या भागावर ही चाचणी करायची नाही.

पत्र्यावरची प्लॅस्टिकची फिल्म काढूनच मार्किंग करा. ती पीव्हीसीची निघाली तर जळताना हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ सुटते, ती ऑपरेटरच्या नाकात जाते आणि स्टेनलेसवरही बसते. धूर ओढणारा पंखा आणि १०६४ नॅनोमीटरसाठीचाच चष्मा हवा. वेल्डिंगची काळी काच इथे चालत नाही.